काठवटीतलं सोनं

वैशाख लागला की माझ्या खोलीची पूर्वेची भिंत चमकायला लागते. सगळी नाही, एकच कण. दुपार कलली की ऊन खिडकीतून आडवं येतं आणि कपाटाच्या वर गिलाव्यात काहीतरी लुकलुकतं. गारगोटीचा चुरा आहे तो, मला पक्कं ठाऊक आहे. तरी रोज त्या वेळेला मी खुर्ची तिकडं वळवून बसते, आणि ऊन सरकलं की स्वतःवरच चिडून चहा टाकायला उठते.

यंदा पाऊस झाला नाही. टँकर येतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बादल्या घेऊन उभे असतात आणि मला बघून हमखास म्हणतात, "बाई, अगदी बाहत्तरसारखं झालंय बघा." माझं डोकंच फिरतं. ह्याचा जन्म ऐंशीनंतरचा, ह्यानं बाहत्तर बघितलं कुठं? आमच्या गावातून त्या साली चिमण्यासुद्धा निघून गेल्या होत्या. पहाटे जाग यायची ती एकदम मुक्या घरात. आणि ज्याला आम्ही सगळे बाहत्तर म्हणतो तो खरा उन्हाळा त्र्याहत्तरचा. पाऊस बाहत्तरला गेला, माणसं पुढच्या वैशाखात मोडली.

आमचं गाव मोहोळच्या अलीकडं, सीनेच्या काठावर. नदी म्हणायची एवढंच. त्या उन्हाळ्यात ती नुसता वाळूचा रस्ता झाली होती. पात्रात झिरे खणलेले असायचे, गुडघाभर, मग कमरेइतके, मग पुरुषभर. तळाशी पाणी जमेपर्यंत बायका कडेला बसून राहायच्या. वाटीनं घागर भरायची. मी डी.एड. होऊन घरी बसले होते, शाळेची ऑर्डर येईना, म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. मजुरीत मिलो मिळायचा, तो तांबडा परदेशी जोंधळा. त्याचं पीठ काठवटीत कितीही मळलं तरी चिकटायचं नाही. भाकरी थापली की मधोमध फुटायची. आई अंथरुणावरून म्हणायची, "अगं, पीठबी परक्याचं ते. ते कशाला धरील तुझ्या हाताला?"

आई अंथरुणावर होती. पोटात गाठ होती. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातून घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ तिला आमच्याआधी कळला होता. आप्पा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. फंडाचे पैसे दवाखान्यात गेले. आईची बोरमाळ गेली, कानातली फुलं गेली, शेवटी मंगळसूत्राच्या दोन वाट्याही गेल्या. वाट्या काढून दिल्यावर तिनं काळे मणी तेवढे परत ओवून घेतले आणि गळ्यात घातले. मला ते बघवेना. ती मात्र म्हणाली, "हलकं वाटतंय की गं."

एके दिवशी सकाळी आप्पा तिला चहा पाजत होते. चार घोट झाल्यावर तिनं बशी बाजूला केली. म्हणाली, "येक सांगू का? मी गेल्यावर तोंडात सोनं घाला. तुळस-पानी काय, कुनीबी घालतंय. सोनं मातुर घाला."

आमच्याकडं ही रीत आहे. माणूस जाताना तोंडात सोन्याचा कण ठेवायचा. गरिबातल्या गरिबाच्या घरीसुद्धा त्या दिवशी कुठून तरी गुंजभर सोनं निघतं. आप्पा म्हणाले, "घालू की. पाटलाच्या घरनं आणतो, कुनीबी दील."

"उसनं नको."

"का बरं?"

"उसनं घेऊन वर गेलं, तर तितनं परत कसं करायचं? फेडायला पुन्हा जल्म घ्यावा लागंल. मला न्हाय यायचं परत."

चेष्टेतच म्हणाली ती. आयुष्यभर शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर शिगोशीग परत करणारी बाई. पण शेवटच्या वाक्याला तिचा आवाज एकदम खाली आला. आप्पांनी बशी उचलली आणि मोरीत जाऊन बराच वेळ विसळत बसले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची ठाकठोक सुरू झाली. रॉकेलचा डबा कापून सरळ केला, खिळ्यानं त्याला भोकं पाडली, चाळण झाली. खोकं घेतलं, बैलगाडीच्या मोडक्या चाकाचे दोन वाकडे तुकडे त्याच्या बुडाशी ठोकले, म्हणजे ते डोलायला लागलं. पावसाळ्यात वळचणीला लावायची पत्र्याची पन्हाळ, ती तिरकी धरून खोक्याच्या तोंडाशी बसवली. कुर्डुवाडीच्या सोनारआळीत झारेकरी यायचे, दुकानापुढची धूळ झाडून गटारीच्या पाण्यात धुवायचे, त्यातून सोन्याचे कण काढायचे. आप्पा सुटीच्या दिवशी तिथं तासन् तास उभे राहून ते बघायचे. फिटरच तो; दुसऱ्याचं काम बघितलं की हे आपण अजून बरं करू असं वाटायचंच. झारेकऱ्याकडं एक लाकडी परात आणि दोन हात एवढंच असायचं. आप्पांनी त्याला गाडा जोडला.

परातीच्या जागी आईची काठवट घेतली. मी म्हटलं, "आप्पा, ती आईची आहे."

"आता कोन भाकरी थापतंय तिच्यात?" असं म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मग हळू आवाजात, "तिला इचारून घेतो," म्हणाले.

आई म्हणाली, "न्या. धुऊन परत जागच्या जागी ठेवा म्हंजे झालं."

नदीत हे डोलणारं खोकं मांडल्यावर झिऱ्यावरच्या बायकांना आयतीच करमणूक झाली. "आप्पा, पाळणा हलतोय, पर लेकरू कुटं हाय?" "बारशाला बोलवा बरं का!" काही दिवस हसणं चाललं, मग हसण्याला धार आली. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा म्हातारा सोनं धुतोय, असं होणारच. आप्पा एकच घागर न्यायचे, अर्ध्या पिंपात ओतायचे, वाळू धुतल्यावर खाली आलेलं पाणी पुन्हा पिंपात घ्यायचे. गाळ बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा तेच पाणी. संध्याकाळी त्या पाण्याचा लगदा व्हायचा. सोनं धुवायला निघालेल्या माणसाला पाणीच नसावं, याच्याइतकी फजिती दुसरी नाही. मला बघून लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून त्यांचाच राग यायचा.

एकदा मी चिडून म्हटलंच. खडी फोडून हाताला फोड आलेले, डोक्यावर ऊन, आणि हे खोकं हलवतायत. "आप्पा, आपल्याकडं सगळा काळा दगड. लाव्हाचा. त्याच्यात सोनं नसतं. भूगोलात शिकवतात आम्हाला."

खोकं हलवायचं थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "दगडात नसंल. मानसात असतंय की."

मग माझ्या लक्षात आलं की ते बसलेत कुठं. वरच्या अंगाला शंभर पावलांवर मसणवट होती. गावातला प्रत्येक माणूस तिथं जळतो, तिसऱ्या दिवशी राख सावडून नदीत सोडतात. तोंडातलं सोनं त्याच राखेतून जातं. पूर आला तर वाहून जातं, नाहीतर तिथंच वाळूत बसतं. आणि दोन वर्षं नदीला पूर नव्हता.

मराठीत एक शिवी आहे, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. ती पुढाऱ्यांना वगैरे देतात. त्या दिवशी मला ती माझ्या बापासाठी आठवली, आणि मी तिथून उठून घरी गेले. आईनं विचारलं, "घावलं का काय?" मी म्हटलं, "काही नाही." "नदीचं सोनं हाय ते, मर्जीनं दील," आई म्हणाली. आप्पांनी तिला नदीचं म्हणून सांगितलं होतं. नदीचं म्हणजे कुणाचंच नाही, म्हणजे उसनं नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही.

आठवडे गेले आणि काही मिळेना. आप्पांचं गणित चुकत नव्हतं, तरी मिळेना. वाळू चाळणीतून पडायची, पाण्याबरोबर पन्हाळीवरून उतरायची. पन्हाळीत घोंगडी अंथरलेली. जड ते लोकरीत अडकायचं, हलकं वाहून जायचं, अशी युक्ती. मग घोंगडी काठवटीत झटकायची, काठवट गोल गोल फिरवायची. प्रत्येक वेळी तळाशी काळी रेती. आप्पा रोज चाळणीची भोकं बदलायचे, उतार कमी-जास्त करायचे. त्यांच्या पाठीचे मणके बनियनमधून मोजता यायला लागले.

एका संध्याकाळी ते आईच्या उशाशी घोंगडी वाळत टाकत होते. आईनं हात लांब करून चाचपली. म्हणाली, "नवी हाय व्हय?"

"कोरी घेतली. देवाधर्माचं काम, जुनेरं कशाला घालायचं?"

"खळ काढली?"

"कसली खळ?"

आई हसायला लागली. दुखत होतं तरी पोटावर हात धरून हसली. "आरं देवा! कोऱ्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असतीया. धनगर चोपडून देतो. चार पाण्यातनं काढल्याबिगर तिची लोकर उघडत न्हाय. भिजली की बुळबुळीत व्हती नुसती. तुमचं सोनं तिच्यावरनं घसरगुंडी खेळत गेलं आसंल!"

उभ्या जन्मात आप्पांनी घोंगडी धुतलेली नव्हती. लोखंडाच्या माणसाला लोकर काय कळणार! इतके आठवडे एकेक कण त्या चिंचोक्याच्या पातळ थरावरून सरकून परत वाळूत गेला होता. किंवा गेला नव्हताही, नव्हताच कदाचित. ते आता कुणाला कळणार? आई मात्र हसून दमली आणि डोळे मिटून पडली. थोड्या वेळानं अंगाखालची घोंगडी ओढायला लागली. जुनी, विरलेली, तिच्या घामाची. "ही न्या. हिची खळ माझ्या लगीनातच गेलीया."

त्या घोंगडीवर तिसऱ्याच दिवशी मिळालं.

मी तिथं होते. काठवट फिरवता फिरवता आप्पांचा हात थांबला. काळ्या रेतीच्या कडेला एक पिवळा ठिपका. मोहरीच्या अर्ध्याहून लहान. त्यांनी तो करंगळीवर घेतला, उन्हात धरला, दातावर घासला. मग एकदम, आप्पांसारखा माणूस, झिऱ्यावरच्या बायकांकडं तोंड करून ओरडला, "घावलं!" मला वाटतं, तेवढं ओरडले नसते तर सगळं निराळं झालं असतं. पण किती आठवडे हसणं ऐकून घेतलं होतं त्यांनी. ओरडू दे की एकदा.

दुपारी इठाबाई आली. आमच्या मागच्या आळीतली, नवरा केव्हाच गेलेला. आदल्या वर्षी तिचा एकुलता एक मुलगा तापानं गेला होता. उंबऱ्याच्या बाहेरच बसली, आत आली नाही. आप्पांना म्हणाली, "दादा, ते माझं हाय."

आप्पा म्हणाले, "काय तुझं हाय?"

"माझ्या पोराच्या तोंडात मी माझी फुली मोडून घातली हुती. तितंच सोडली राख. मी दावते जागा."

"इठे, कणाला काय नाव आसतंय का? किती मानसं गेली तितनं."

"न्हाय नाव. पर माझंच हाय," ती म्हणाली. ती भांडत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले होते. "मला परत घालायचं न्हाय नाकात. नुस्तं घरात ठिवीन. घरात त्याचं कायबी न्हाय हो दादा. कापडंबी जाळली तापाची म्हून."

आतून आईचा आवाज आला, "काय म्हनतीया इठा?"

मग आईच म्हणाली, "तुमी नदीचं म्हनला हुतासा की."

"नदीचंच की गं," आप्पा दाराकडं न बघता म्हणाले.

"अन् नदीनं कुनाचं घेतलं, ते इचारलं न्हाय व्हय?"

आप्पांनी काडेपेटीत कापसावर ठेवलेला तो कण काडेपेटीसकट इठाबाईच्या हातात दिला. ती गेली. नंतर मी विचार करते, खरंच तिच्या मुलाचा असेल का तो? नसेल. शक्यता फारच थोडी. आणि तिचा नसेल तर आणखी कुणाचा तरी असेल, आमचा तर नक्कीच नव्हता. कुठूनही हिशेब मांडला तरी उत्तर आमच्या घरात येत नव्हतं.

त्यानंतर आप्पा नदीवर गेले नाहीत. खोकं तिथंच वाळूत राहिलं, कुणी तरी सरपणाला नेलं. काठवट त्यांनी घासून पुसून जागच्या जागी ठेवली. आईला आता पाणीही जात नव्हतं. एकदा आम्ही दोघंही जवळ असताना ती म्हणाली, "कायबी घाला. पिवळं दिसलं म्हंजे झालं. लोकं बघत्यात. तुमाला नावं ठेवायला नको कुनी."

तिला स्वतःसाठी हवं होतं ते सोनं आता आप्पांच्या अब्रूसाठी झालं होतं. तिचं म्हणून एवढंही मागणं उरू नये याचा मला इतका राग आला, की कुणावर काढावा कळेना.

आप्पांनी हत्यारांच्या पेटीतून एक पितळी बुश, यंत्रात बसवायचं कडं, काढला, त्याचा तुकडा करवतला आणि कानशीनं घासत बसले. सगळा दिवस घासला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा केला, गोल केला, पॉलिश पेपरनं असा चमकवला की सराफाचा मणी झक मारेल. पुढं दोन दिवसांनी आई गेली. माणसं जमली, बायकांनी तिला न्हाऊ घातलं. "सोनं आणलंय का?" कुणी तरी विचारलं. आप्पांनी मुठीतून काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि तिच्या जिभेवर ठेवलं. बायका म्हणाल्या, नशिबाची हो, ह्या असल्या सालातबी सोनं घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सावडायला बायका जात नाहीत, मी हट्टानं गेले. राखेतून अस्थी वेचताना भावकीतल्या एकानं काहीतरी उचललं. "आप्पा, हे काळं काय?"

सोनं जळत नाही. जळून राखेतून निघालं तरी पिवळंच निघतं. पितळ काळं पडतं. फिटरला हे कुणी सांगायला नको.

"खिळा आसंल लाकडातला," आप्पा म्हणाले, आणि हात पुढं करून तो घेतला, बंडीच्या खिशात टाकला.

मग मृग आला, नदी आली. मला ऑर्डर आली. मोहोळच्या शाळेत जन्म गेला माझा. लग्न राहिलं ते राहिलंच. सीनेची वाळू ट्रका भरभरून सोलापूरला गेली, त्यातली थोडी माझ्याही भिंतीला लागली असेल. आता पात्रात नुसता खडक आणि चिखल आहे, मसणवटीखाली तर विहिरीसारखे खड्डे. आप्पांचा गाडा आता तिथं मांडायचा म्हटला तरी धुवायला वाळू नाही. कोण कुणाच्या भिंतीत जाऊन बसलंय, देव जाणे.

नोकरी लागल्यावर मी पहिली वस्तू घेतली ती सोन्याचा एक मणी. आप्पांना दाखवला. ते म्हणाले, "चांगला हाय," आणि पेपर वाचायला लागले. मी तो पेटीत ठेवून दिला, कशासाठी ते दोघांनाही माहीत होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी, असाच वैशाख होता, ते आजारी पडले. एकदा मला जवळ बोलावलं. बंडीचा खिसा चाचपला आणि तो काळा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"माझ्या तोंडात हे घालायचं."

मी म्हटलं, "आप्पा, घरात सोनं आहे. स्वतःचं आहे. उसनं नाही."

"म्हनून तर नको. तिकडं ती इचारंल, तुमाला खरं अन् मला खोटं व्हय?"

ते गेले त्या दिवशी अंगण भरलं होतं. माझ्या पदराच्या गाठीला मणी होता. एका बाईनं पुढं होऊन विचारलं, "सोनं?" मी गाठ सोडली नाही. मूठ उघडली, आणि तो काळा तुकडा आप्पांच्या जिभेवर ठेवून त्यांचं तोंड हातानं मिटलं.

कुजबुज झाली. मागून एक आवाज आला, मला ऐकू यावा असाच. "पगारदार लेक हाय, अन् बापाच्या तोंडात खिळा घातला."

मी मागं वळून म्हटलं, "व्हय. खिळाच हाय."